व्हिट्रिऑल, मोरचूद, हिराकस : प्रकल्पाची वही

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली पोरं अकरावी सायन्सला आली की सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं, आणि त्यात जुनी नावं आली की अजूनच गोंधळ, म्हणून जुन्या केमिकल नावांची मराठी यादी करायला घेतलीये. कॉस्टिक सोडा, सॉल्टपीटर, क्विकलाइम हे पटापट झाले, एकेका ओळीत काम भागलं. आज व्हिट्रिऑलला येऊन अडकले.

झालं असं की प्रॅक्टिकलला एका पोरीनं विचारलं, "मॅडम, गाइडमध्ये सल्फ्युरिक ॲसिडला ऑइल ऑफ व्हिट्रिऑल म्हटलंय, आणि या बाटलीवर कॉपर सल्फेटला ब्लू व्हिट्रिऑल. मग व्हिट्रिऑल नक्की कोण? आणि ॲसिडला तेल का म्हणायचं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. एक खडा, एक ॲसिड, आणि वर इंग्रजी पेपरात कुणी कुणावर तुटून पडलं की व्हिट्रिऑलिक. एकाच शब्दात एवढं सगळं, तर एक ओळ पुरणार नाही. याचं अख्खं पान करायचं ठरवलं, आणि नुसतं लिहायचं नाही, जे जे हातानं करता येईल ते लॅबमध्ये करूनच बघायचं.

१७ सप्टेंबर

शब्दाचं मूळ लॅटिन. विट्रम म्हणजे काच. त्यावरून विट्रिओलुस, म्हणजे काचेसारखं, काचमय. मध्ययुगात युरोपात लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्याचं विट्रिओलुम केलं आणि तिथून फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. म्हणजे मुळात शब्दात ना गंधक, ना तांबं, ना ॲसिड. दिसायला काचेसारखं, एवढंच.

हे खरंच पटतं का ते बघायला बाटलीतला मोरचुदाचा, म्हणजे त्याच कॉपर सल्फेटचा, मोठ्यात मोठा खडा काढून खिडकीपाशी भिंगाखाली धरला. बाहेरून पांढरट पावडर बसलेली होती, ती ओल्या फडक्यानं पुसली, आणि खाली जे निघालं ते पाहून पोरं एकदम गप्प झाली. तिरपे, समांतरभुज चौकोनासारखे पृष्ठभाग, कडा धारदार, आणि आतून उजेड असा पार जातो की वहीच्या ओळी निळ्या होऊन दिसतात. फुटलेल्या निळ्या बाटलीचा तुकडा म्हणून कुणाच्या हातात दिला तर क्षणभर खरंच वाटेल. ज्यानं पहिल्यांदा हे नाव दिलं त्यानं असाच खडा उजेडात धरला असणार.

एका मुलानं व्हिडिओत पाहिलेलं सांगितलं की व्हिट्रिऑल हा शॉर्टफॉर्म आहे, सात लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. ते वाक्य किमयागारांच्या ग्रंथांत आहे, सतराव्या शतकापासून फिरतंय, बासिल व्हॅलेंटाइन या नावाशी जोडलेलं असतं. अर्थ साधारण असा की पृथ्वीच्या पोटात शिर, शुद्ध करत जा, लपलेला दगड सापडेल. सुंदर आहे, पण शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. आधी शब्द होता, मग कुणीतरी त्याच्या अक्षरांवर वाक्य बसवलं. हे पानावर स्पष्ट लिहायचंय कारण इंटरनेटवर हेच मूळ म्हणून सगळीकडे सापडतं आणि पोरं तेच उतरवतात.

२२ सप्टेंबर, रविवार

आज प्लिनी. रोमन माणूस, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला त्यात गेला. त्याच्या निसर्गाच्या इतिहासाचं ३४वं पुस्तक धातूंवर आहे, त्यात स्पेनमधली एक पद्धत दिलीये. तिथल्या विहिरींचं आणि डबक्यांचं पाणी, ज्यात हा क्षार विरघळलेला असतो, ते घ्यायचं, त्यात तेवढंच गोडं पाणी घालून उकळायचं, लाकडी हौदांत ओतायचं. हौदांवर आडवे वासे, वाशांना दोऱ्या लटकवलेल्या, दोऱ्या ताठ राहाव्यात म्हणून खाली खडे बांधलेले. मग त्या दोऱ्यांवर काचेसारखे मणी धरत जातात आणि बघता बघता द्राक्षाच्या घडासारखं दिसायला लागतं. हे द्राक्षाचं मी घातलेलं नाही, त्यानंच लिहिलंय. निळा रंग, मोठी झळाळी, आणि लोकांना ही काचच वाटते असंही तिथंच आहे.

आमच्याकडे निफाड तालुक्यात घड काय असतो ते पोरांना सांगावं लागत नाही! दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं आपल्या बागेतली उपमा दिली म्हटल्यावर वर्गात जे चेहरे झाले ते बघण्यासारखे होते.

लगेच सेटअप लावला. १०० मिली गरम पाण्यात ६० ग्रॅम मोरचूद. गरम पाण्यात सगळं विरघळतं, पण २० अंशांना तेवढ्याच पाण्यात ३२ ग्रॅमच्या आसपासच राहू शकतं, म्हणजे थंड होताना उरलेल्याला कुठेतरी बसावंच लागतं. बीकरवर पेन्सिल आडवी, तिला सुती दोरा, दोऱ्याला खालून नदीतला छोटा खडा. प्लिनीच्या हौदाची छोटी नक्कल.

२३ सप्टेंबर

एक मोठा सुबक स्फटिक मिळेल अशी पोरांची अपेक्षा होती, तसं झालं नाही, दोरा पूर्ण खालपासून वरपर्यंत बारीक बारीक निळ्या दाण्यांनी लगडला. पोरं हिरमुसली. मग त्यांना कालचा उतारा परत वाचून दाखवला. हाच तो घड. मोठा एकटा खडा हवा असेल तर एक चांगला दाणा निवडून गुळगुळीत नायलॉनच्या दोऱ्याला बांधायचा आणि द्रावण हळूहळू आटू द्यायचं, ते वेगळं लावून ठेवलं. पण नावाच्या कामासाठी हा घडच जास्त मोलाचा. तो सुकवून काचेच्या बरणीत ठेवलाय.

२५ सप्टेंबर

रोमन लोक व्हिट्रिऑलला लॅटिनमध्ये आत्रामेंतुम सुतोरियुम म्हणायचे, म्हणजे चांभाराचं काळं, कारण कातडं काळं करायला हेच लागायचं. (कसं काळं होतं ते शाईच्या वेळी करून बघायचंय.) ग्रीक नाव खाल्कांथोन. खाल्कोस म्हणजे तांबं, आंथोस म्हणजे फूल. तांब्याचं फूल.

इथं मी थांबले, कारण आपल्याकडे हिराकसाच्या (हिरवं व्हिट्रिऑल, लोखंडाचा क्षार) एका प्रकाराला संस्कृतमध्ये पुष्पकासीस म्हणतात. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथात कासीस उपरसांमध्ये, म्हणजे खनिजांच्या एका वर्गात येतं आणि त्याचे दोन प्रकार दिलेत, वालुकाकासीस आणि पुष्पकासीस, म्हणजे एक वाळूसारखं आणि एक फुलासारखं. त्याच्याही खूप आधी सुश्रुताच्या ऊषकादि गणात, म्हणजे औषधांच्या एका गटात, कासीसद्वय म्हणजे दोन कासीसं आहेत आणि त्याच ओळीत तुत्थकही आहे, मोरचूद. दोन भाषा, आणि दोघींनाही फूलच दिसलं. कुणी कुणाकडून घेतलं हा माझा मुद्दाच नाही. खाणीच्या ओलसर भिंतीवर किंवा दगडावर हे क्षार पांढुरके-हिरवट असे फुलून वर येतात, जुन्या विटेच्या भिंतीवर लोणा फुलतो तसे. आपण मराठीत लोणा 'फुलला' म्हणतोच की. ज्यानं ते बघितलं त्याच्या तोंडी फूल आलं.

मोरचुदाचं तर काय सांगावं. संस्कृतमध्ये मयूरतुत्थ, शिखिग्रीव. शिखी म्हणजे मोर, ग्रीवा म्हणजे मान. नुसता मोर नाही, मोराची मान! २३ तारखेच्या घडाकडे बघून सांगते, पिसाऱ्यापेक्षा मानेचाच रंग तो. गुजरातीत मोरथूथू, हिंदीत नीलाथोथा, तूतिया. तुत्थ आणि तूतिया हे नात्यातले शब्द, अरबी-फारसीतही तूतिया आहे पण तिथं तो जास्त करून जस्ताच्या भट्टीत धरणाऱ्या पांढऱ्या थराला, आणि तोच इंग्रजीत टटी होऊन गेला. एकच शब्द, गाव बदललं की पदार्थ बदलला. व्हिट्रिऑलचंही हेच होणार आहे पुढे.

अरबीत या सगळ्या वर्गाला झाज. अर्-राझी या मध्ययुगातल्या वैद्य-किमयागारानं खनिजांचे सहा वर्ग केले होते, त्यात झाजांचा वर्ग स्वतंत्र, मिठाचा वेगळा, टाकणखाराचा वेगळा. म्हणजे निळं, हिरवं, पांढरं, पिवळं हे सगळे एका घरचे हे तेव्हाच ओळखलेलं होतं, आत काय समान आहे ते माहीत नसताना. रंग वेगळे असून कुटुंब एक, हे ओळखणं मला फार मोठं वाटतं.

२९ सप्टेंबर

हिराकसाचा दिवस, आणि दिवस वाया गेला म्हणायला हरकत नाही. गावातल्या दुकानातून अर्धा किलो आणलं, पुडी उघडली तर हिरवं नाहीच, वरून तपकिरी पिवळं, गंजल्यासारखं. पाण्यात टाकल्यावर गढूळ चहा. गाळून पण रंग तोच. दुकानदार म्हणाले, "ताई, शेतात टाकायला चालतं की हे." शेतात चालत असेल, मला काच हवी होती.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, त्यातलं लोखंड हवा आणि ओल लागली की पुढच्या पायरीला जातं, फेरिक होतं, म्हणून तपकिरी. उपाय जुनाच आहे, द्रावणात थोडं विरळ सल्फ्युरिक ॲसिड आणि स्वच्छ घासलेले लोखंडी खिळे टाकून कोमट ठेवायचं. लोखंड विरघळतं आणि फेरिकला परत फेरस करतं. दुपारी दोनला टाकलं, पाच वाजता तळाशी गाळ, वर फिकट हिरवं स्वच्छ पाणी, बाटलीतल्या लिंबू सरबतापेक्षा थोडं हिरवं. गाळून झाकून ठेवलं.

खिळे टाकताना कॉपरस आठवलं. इंग्लंडमध्ये हिरव्या व्हिट्रिऑलला कॉपरस म्हणायचे, आणि त्यात कॉपर काही नाही, आहे ते लोखंड. नाव मध्ययुगीन लॅटिन कुप्रोसावरून, तांब्याचं म्हणून आलेलं, मग घसरत घसरत लोखंडाच्या क्षारावर पक्कं बसलं. केंटच्या किनाऱ्यावर व्हिट्स्टेबलला सोळाव्या शतकापासून याचा धंदा होता. समुद्रकाठचे सोनमाखीचे गोटे, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, गोळा करून खड्ड्यांत पसरायचे, पावसात तसेच पडू द्यायचे, त्याचं झिरपलेलं पाणी जमा करून शिशाच्या मोठ्या कढयांत उकळायचं आणि त्यात भंगार लोखंड टाकायचं. भंगार लोखंड! माझे खिळे तेच काम करत होते. आधी मी हे फक्त वाचलं होतं, आज पाण्याचा रंग फिरताना बघितल्यावर ते भंगार का टाकायचे ते कळलं.

पोरांसाठी टीप: कॉपरस दिसलं की तांबं समजू नका. हिराकस समजा.

३० सप्टेंबर

हिरवे खडे आले. थोडे, पण आले. टिपकागदावर दाबून सुकवून लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत. मोरचुदापेक्षा नाजूक, फिकट समुद्री हिरवे, जुन्या सोड्याच्या बाटलीच्या काचेचा रंग.

२ ऑक्टोबर

सुट्टी. घरी बसून तेलाचा भाग लिहिला. हा प्रयोग लॅबमध्ये करायचा नाही म्हणजे नाही, वाफा फार वाईट.

हिराकस तापवलं की आधी त्यातलं पाणी जातं आणि पांढरी भुकटी राहते, अजून खूप तापवलं की ती भुकटी फुटते, गंधकाचे दोन वायू निघतात आणि मागे लाल माती उरते. ते वायू पाण्याच्या वाफेबरोबर थंड केले की जड, दाट, बोट बुडवलं तर जाळणारं पाणी ठिबकतं. दाट आणि सावकाश ओघळणारं, तेलासारखं, म्हणून ऑइल. व्हिट्रिऑलमधून काढलेलं तेल. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, तेल हे वागण्यावरून, जातीवरून नाही. जर्मनीत नॉर्डहाउझेन या गावाच्या नावानं असं धुरकट ॲसिड बराच काळ विकलं जायचं.

मागे उरणारी लाल माती म्हणजे कोल्कोथार, हा शब्द अरबीतून आलेला, आणि ती फेकून देत नसत, रंग म्हणून आणि काच-धातू घासून चकचकीत करायला वापरत. सराफाची रूज पावडर तीच जातकुळी.

मग १७४६ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबक आणि त्याच्या भागीदारानं शिशाच्या खोल्यांत गंधक आणि सोरा जाळून ॲसिड करायला सुरुवात केली. आधी हे काचेच्या मोठ्या फुग्यांत करायचे, ते फुटायचे, शिसं या ॲसिडला दाद देत नाही, खोली हवी तेवढी मोठी करता येते. ॲसिड स्वस्त झालं. पण नाव तेच राहिलं, ऑइल ऑफ व्हिट्रिऑल, जरी आता त्यात व्हिट्रिऑल वापरलंच जात नव्हतं. मग लोक तेलही गाळायला लागले, नुसतं व्हिट्रिऑल म्हटलं की ॲसिड. खड्याचं नाव अशा रीतीनं ॲसिडवर गेलं.

६ ऑक्टोबर

शाई. काष्ठौषधीच्या दुकानातून मायफळं आणि हिरडे आणले. दोन्ही वेगवेगळे कुटून रात्रभर पाण्यात भिजवले, सकाळी गाळले. हिरड्याचं पाणी पिवळट तपकिरी, जिभेला लावलं तर तोंड आवळून येतं, तुरट.

त्यात हिराकसाचं हिरवं पाणी थेंब थेंब. पहिल्या थेंबाला जांभळट धूर पसरल्यासारखं, मग राखाडी. थोडा बाभळीचा डिंक विरघळवून घातला म्हणजे शाई पसरत नाही. बोरूनं कागदावर ओळ काढली तर फिकी, करडी, निराशा करणारी. आणि मग बघत राहिलो. दोन मिनिटांत गडद. दहा मिनिटांत काळी कुळकुळीत. हवेतल्या ऑक्सिजननं लोखंड फेरिक होतं आणि टॅनिनबरोबर, म्हणजे हिरड्या-मायफळातल्या तुरट द्रव्याबरोबर, काळा रंग कागदाच्या धाग्यांतच बसतो. मी मागच्या रविवारी ज्याच्यावर चिडले होते, हिराकसाचं हवेत बिघडणं, तेच इथं काम करत होतं. युरोपात शेकडो वर्षं लिखाण या शाईत झालं, आणि हीच शाई पुढे कागद खातेही, कारण तिच्यात आंबटपणा राहतो. आपली पारंपरिक काजळाची शाई अशी कागद खात नाही, ती नुसता कोळसा.

चांभाराचं काळं म्हणजे हेच. कातडं कमावताना त्यात टॅनिन मुरलेलं असतंच, वरून हिराकसाचं पाणी फिरवलं की काळं. आणि प्लिनीनं अजून एक लिहून ठेवलंय, तांब्याच्या हिरव्या गंजात म्हणजे जंगालात लोक हे चांभाराचं काळं भेसळ करायचे, तर ती ओळखायला मायफळाच्या पाण्यात भिजवलेल्या पपायरसवर नमुना टाकायचा, भेसळ असेल तर लगेच काळा. आम्ही टिपकागदाच्या पट्ट्या हिरड्याच्या पाण्यात बुडवून सुकवल्या आणि त्यावर मोरचुदाचा थेंब आणि हिराकसाचा थेंब टाकला. दुसरा काळा झाला. लिटमस यायच्या कितीतरी आधीची टेस्ट, आणि बाजारातून आणलेल्या हिरड्यावर चालते. हे पोरांना बोर्डाच्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त लक्षात राहणार.

तुरटीचं इथंच लिहून ठेवते, नंतर विसरेन. तुरट म्हणजे संस्कृत तुवर, आणि तुरटीला तुवरी. सौराष्ट्रातून यायची म्हणून सौराष्ट्रीही. हे चवीवरून आणि गावावरून नाव. तुरटीही सल्फेटच, पण तिला व्हिट्रिऑल म्हणत नसत, ती स्वतंत्र राहिली.

१३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

काल घरी पंपाची, विळ्या-कोयत्यांची पूजा झाली, आज त्याच पंपानं काम. छाटणी झालेल्या द्राक्षाच्या प्लॉटला बोर्डो, म्हणजे रोगावरची मोरचूद-चुन्याची फवारणी, मारायचं होतं, दादा आणि आप्पा दोघंही शेडमध्ये. १०० लिटरला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना. मोरचूद रात्रीच ५० लिटर पाण्यात प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजत घातलेलं, लोखंडी भांडं चालत नाही. चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये विझवून गाळलेला. मग दोघांनी दोन बाजूंनी बादल्या एकदम तिसऱ्या ड्रममध्ये ओतायच्या आणि मी काठीनं ढवळायचं. निळं आणि पांढरं मिळून आकाशी दाट पाणी.

मग आप्पांनी विळा मागितला. पात्याला कानशीनं एक हात मारून चकचकीत केलं आणि टोक मिश्रणात धरलं, मिनिटभर. बाहेर काढलं तर धारेवर तांबूस झाक. "चुना कमी पडलाय," म्हणाले, आणि दादानं अर्धा मग चुन्याचं पाणी अजून ओतलं. परत ढवळलं, पातं घासलं, परत बुडवलं. या वेळी पांढरं लखलखीत निघालं. मारायला हरकत नाही.

मी लहानपणापासून हे बघतेय पण आज जे दिसलं ते वेगळं होतं. चुना पुरेसा नसला की तांबं मोकळं विरघळलेलं राहतं, ते पानं जाळतं, आणि तेच तांबं लोखंड दिसलं की त्यावर येऊन बसतं, लोखंड त्याच्या जागी पाण्यात उतरतं. आत्ताच्या स्लोव्हाकियात हेरेनग्रुंडच्या खाणीत असंच निळ्या व्हिट्रिऑलचं पाणी झिरपायचं, त्यात लोखंड टाकलं की काही दिवसांनी तांबं निघायचं. लोकांना वाटायचं एक धातू दुसऱ्यात बदलला, आणि किमयागारांना हा पुरावाच वाटला. त्या तांब्याची भांडी करून त्यावर कोरायचे, साधारण असं, की लोखंड होतो, तांबं झालो, चांदी अंगावर घेतली, सोन्यानं मढलो. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "बदललं कुठं, एक गेलं अन् एक आलं. म्हणून तर पातं पुसून ठेवायचं, नाहीतर धार जाते." एका वाक्यात सांगून मोकळे झाले, मी वर्गात फळाभर लिहिते.

बोर्डो हे फ्रान्समधल्या बोर्डो शहराचं नाव. १८८२ मध्ये तिथल्या मेडॉक भागात मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाला रस्त्याकडेच्या वेली हिरव्या राहिलेल्या दिसल्या, आतल्या केवड्यानं म्हणजे डाऊनीनं गेलेल्या. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारलेला होता, विषारी दिसावं म्हणून. तिथून प्रयोग करत त्यानं १८८५ ला कृती छापली. आज निफाडपासून कोकणातल्या सुपारीच्या बागांपर्यंत तीच कृती. आणि दुकानात अजूनही कुणी कॉपर सल्फेट मागत नाही. "मोरचूद द्या" म्हणतात.

१९ ऑक्टोबर

नाव बदललं कधी? १७८७. पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हॉझिए, बर्थोले आणि फुर्क्रोआ या चौघा रसायनशास्त्रज्ञांनी नावांची नवीन पद्धत छापली. पदार्थाचं नाव तो कशाचा बनलाय यावरून ठेवायचं, रंगावरून नाही, गावावरून नाही, शोधणाऱ्यावरून नाही. व्हिट्रिऑलचं ॲसिड म्हणजे गंधकाचं ॲसिड, म्हणून सल्फ्युरिक. त्याचे क्षार ते सल्फेट. गंधकाच्या ज्या ॲसिडात ऑक्सिजन कमी, त्याचे क्षार ते सल्फाइट. शेपटीवरून आतलं कळतं.

आज पोरांकडून वजनाचा प्रयोग करून घेतला, आणि मला या सगळ्या पानाचा गाभा इथं सापडला असं वाटतंय. १० ग्रॅम मोरचूद पोर्सिलेनच्या वाटीत, मंद आचेवर. आधी कडा पांढऱ्या, मग तडतड करत खडे फुटत पांढरी भुकटी. वरच्या काचेवर पाण्याचे थेंब. पूर्ण पांढरं झाल्यावर गार करून वजन, ६.४ ग्रॅम. हिशेबानं ३६ टक्के पाणी असतं, बरोबर आलं. मग त्या भुकटीवर ड्रॉपरनं एक थेंब पाणी, चर्र करून लगेच निळी.

आता बघा, ती पांढरी भुकटी सल्फेट आहे. पूर्ण सल्फेट आहे. पण तिच्यात काच नाही, रंग नाही, मोराची मान नाही. काच होती ती पाण्यामुळे. तांब्याच्या प्रत्येक अणूबरोबर पाण्याचे ५ रेणू, हिराकसात ७, जस्ताच्या पांढऱ्या व्हिट्रिऑलमध्येही ७. म्हणून "व्हिट्रिऑल म्हणजे सल्फेटचं जुनं नाव" असं जे सगळीकडे एका ओळीत लिहितात ते मला पुरतं बरोबर वाटत नाही. व्हिट्रिऑल म्हणजे डोळ्यांना दिसलेला, पाणी धरून बसलेला, काचेसारखा धातूचा सल्फेट. लाव्हॉझिएच्या नावात पाणी सुटून गेलं. त्यांचं काम मोठंच आहे, त्याशिवाय मी शिकवू शकले नसते, पण शब्दाचा अर्थ लिहायचा तर पाण्यासकट लिहायला हवा.

पांढऱ्याचं दोन ओळीत: जस्ताचा, जर्मनीत गोस्लार गावाजवळ रामेल्सबर्ग खाण आहे, त्या गावावरून त्याच्या खनिजाला गोस्लाराइट. आपले शेतकरी झिंक सल्फेट या नावानंच घेतात. कोबाल्टचा गुलाबी, तो लॅबमध्ये महाग पडतो, फोटो लावणार.

२६ ऑक्टोबर

बोलण्याचा अर्थ. ॲसिडला व्हिट्रिऑल म्हणायला लागल्यावर जाळणाऱ्या, बोचणाऱ्या बोलण्याला आणि लिहिण्याला ते नाव लागलं. काचेपासून इथवर. निवडणुकीचा प्रचार सुरू आहे, पेपरात रोज उदाहरणं मिळतायत, त्यामुळे पोरांना शोधायला सांगितलं की याला मराठीत काय म्हणाल. विखारी, जहरी, झणझणीत, जळजळीत असं आलं. मी जळजळीत घेतला. विखारी-जहरीत विष आहे, झणझणीतमध्ये मिरची, आणि तिची तर आपल्याला मजा वाटते. व्हिट्रिऑलमध्ये जळणं आहे आणि जळजळीतमध्येही तेच. शब्दानं शब्दाला गाठलं की बरं वाटतं.

याच अर्थाची दुसरी बाजूही पानावर घेतली, वर्गात मुली आहेत आणि लपवण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात माणसांच्या तोंडावर व्हिट्रिऑल फेकण्याचे गुन्हे इतके झाले की फ्रेंचमध्ये त्याला वेगळा शब्द झाला, व्हिट्रिओलाज. आपल्याकडे २०१३ मध्ये ॲसिड हल्ल्यासाठी तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेत (ती २०२४ पर्यंत होती) ३२६ अ आणि ३२६ ब ही स्वतंत्र कलमं आली. ॲसिडची बाटली कपाटात कुलूप लावून का ठेवतो आणि रजिस्टरमध्ये मिली मिली का लिहितो, हे मी दर वर्षी सांगते, या वर्षी शब्दासकट सांगितलं. वर्ग शांत होता.

१८ नोव्हेंबर

सुट्टी संपली, परवा इलेक्शन ड्युटी, म्हणून आजच पान भिंतीवर लावून टाकलं. नोंद शेवटी अशी केली:

व्हिट्रिऑल (लॅटिन विट्रम, काच). १. धातूचा काचेसारखा दिसणारा, स्फटिकजल असलेला सल्फेट. निळा: मोरचूद. हिरवा: हिराकस. पांढरा: जस्ताचा. २. हिराकस तापवून काढलेलं तेलासारखं दाट ॲसिड, त्यावरून पुढे कोणतंही सल्फ्युरिक ॲसिड. ३. जळजळीत बोलणं किंवा लिहिणं.

कोणता अर्थ कधी, ते वाक्य बघून ठरवायचं, आणि १७८७ च्या आधीचं लिखाण असेल तर पहिले दोन आधी तपासायचे, एवढं खाली लहान अक्षरात.

पानाखाली तीन बरण्या. दोऱ्यावरचा निळा घड जसाच्या तसा आहे. दिवाळीच्या पंधरा दिवसांत नायलॉनच्या दोऱ्यावरचा एकटा दाणा चांगला अंगठ्याएवढा झालाय, कडा धारदार, तो वेगळा टांगलाय. हिरव्या बाटलीचं झाकण कुणीतरी सैल ठेवलं होतं, वरच्या खड्यांवर पिवळी साय आलीये. ज्या पोरीनं पहिला प्रश्न विचारला होता तिनं बाटली उचलून बघितली आणि विचारलं, "मॅडम, खिळे कुठे ठेवलेत?" दुपारी तिनंच द्रावण लावलं. उद्या गाळायचंय.